पाच पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे धुणेबाई म्हणत. कुणा संशोधक मुलीने कधीतरी चेष्टेत ठेवलेलं नाव. ती मुलगी डॉक्टरेट घेऊन निघून गेली, नाव मागे राहिलं. हिला त्याचा राग नव्हता. ती धुतच होती की. फक्त कपड्यांऐवजी पांढरी पावडर.

पावडर म्हणजे झिओलाइट. चिमटीत धरली तर पिठासारखी लागते. पण तिच्या कणाकणात एका मापाची भोकं असतात, इतकी बारीक की वायूचे रेणू त्यांतून रांगेने जावेत. लाकडाचा भुसा, शेतातला पाचोळा, शहराचा कचरा असं काहीही कोंडून तापवलं की जो वायू निघतो, त्यात दोनच गोष्टी कामाच्या: हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. हा वायू पावडरीच्या थरातून दाबाने सोडला की पलीकडच्या टोकाला थेंब थेंब पेट्रोल गळतं. गंधकाचा मागमूस नसलेलं, नितळ. पावडरीवर चढवलेला कोबाल्ट त्या वायूची लांबच लांब साखळी विणतो आणि झिओलाइट ती पेट्रोलच्या मापावर कापतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई आल्यागेल्याला सांगत, "कोबाल्ट म्हणजे माग आणि झिओलाइट म्हणजे कात्री." पाहुणे माना डोलवत. कात्रीला धार कोण लावतं ते कुणी विचारत नसे.

धार धुणेबाई लावायची. झिओलाइट तयार होतो तेव्हा त्याच्या भोकांत सोडियम ठाण मांडून बसलेला असतो. तो आहे तोवर कात्री बोथट. त्याला उठवायचं तर अमोनियाच्या क्षाराचं कढत पाणी करायचं, पावडर त्यात तीन तास ढवळायची, गाळायची, शुद्ध पाण्याने निथळून घ्यायची. मग ते पाणी फेकून पुन्हा नवीन कढत पाणी. पुन्हा ढवळणं, पुन्हा गाळणं. असं पाच वेळा. घाई करून एकदम पाचपट पाणी ओतलं तर काही साधत नाही, कारण निघालेला सोडियम त्याच पाण्यात फिरत राहतो आणि जागा दिसली की परत आत शिरतो. तिला हे पुस्तकाने शिकवलं नव्हतं. शाळा तिने आठवीत सोडली होती. पण साबणाची चादर एका पिंपभर पाण्यात कितीही घुसळली तरी साबण जात नाही, बादली बदलावी लागते, एवढं तिला कळत होतं. आणि अठरा वर्षांत डॉक्टरबाईंच्या हाताखाली जेवढ्या पावडरी चालल्या, त्या जवळजवळ सगळ्या हिच्या हातच्या होत्या. इतरांनी केलेल्या कधी चालायच्या, कधी नाही.

ती स्वतःची वही ठेवायची. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात. त्यात लिहिलेलं असे: "पाच पाणी. मग वाळवणे. मग भट्टी, हळूहळू." बस. ज्याला समजायचं त्याला समजत होतं. डॉक्टरबाईंच्या बावीस शोधनिबंधांच्या शेवटी, जिथे वीज कंपनीचेही आभार मानतात, तिथे एक ओळ असे: तांत्रिक साहाय्याबद्दल आभार. त्या ओळीत धुणेबाई होती, काच फुंकणारा होता आणि झाडूवालाही होता.

मग प्लॅन्ट उभा राहिला. प्रयोगशाळेत बशीभर पावडर लागायची, प्लॅन्टला दोनशे किलो हवी होती. डॉक्टरबाईंनी वहीची पानं तिकडे पाठवली, तिकडच्या कुणीतरी ती टाइप केली, आणि तक्त्यात एका चौकटीत आलं: धुलाई, ५ पाणी.

त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ प्लॅन्टवर लागला. पाइप जोडणारा, हाताचा चांगला, तोंडाचा त्याहून चांगला. हिनेच प्लॅन्टसाहेबांकडे शब्द टाकला होता. प्लॅन्टसाहेब म्हणजे तिथले सर्वेसर्वा. उंच, शांत, कुणाशीही आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी "तुमचा भाऊ म्हणजे आमचाच" असं म्हणून त्याला घेतलं होतं.

महिना झाला असेल. दुपारच्या सुट्टीत धाकट्याचा फोन आला.

"ताई, इथे एकच पाणी देतायत गं."

"म्हणजे?"

"म्हणजे पावडरीच्या पाचपट पाणी मोजून टाकीत सोडलं, दुपारपर्यंत ढवळलं, की झाली धुलाई. मी साहेबांना म्हटलं, साहेब, पाच पाणी म्हणजे पाच वेळा. माझी बहीणच करते हे. तर म्हणाले, कागदावर ‘वेळा’ लिहिलंय का?"

"मग?"

"मग मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरी चादर तीन पाण्यांतून काढ म्हटलं तर काय करतात? सगळे हसले. साहेबपण हसले. म्हणाले, तुला चादरींचा एवढा अनुभव आहे तर लाँड्रीत का नाही गेलास." तो स्वतःच हसला. "पण ताई, खरं सांगू का, त्यांना कळलं होतं. पाच वेळा करायचं तर तीन दिवस जातात आणि शुद्ध पाण्याचे पाच टँकर. प्लॅन्ट बघायला पाहुणे यायची तारीख ठरलीय ना."

तिच्या एका हातात गाळणी होती. बाजूला दोन पोरी ऐकत होत्या.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "लागून जेमतेम महिना झाला आणि साहेबांना अक्कल शिकवतोस? मी बाईंच्या कानावर घालते."

तिने ते बाईंच्या कानावर घातलं नाही. बाई परिषदेला गेल्या होत्या, आठ दिवसांनी आल्या, आणि आल्या तेव्हा हिला ते नीट आठवत होतं. कामाच्या गडबडीत विसरली वगैरे काही नाही. तिने हिशेब केला. बाई साहेबांना बोलणार, साहेब विचारणार कुणी सांगितलं, आणि धाकटा घरी येणार. एवढ्या मोठ्या प्लॅन्टवर कुणालातरी कळतच असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आपण सगळे असंच सांगतो. मोठ्या इमारतीत आपल्याहून शहाणा कुणीतरी बसलेला असतो, या भरवशावर निम्मं जग गप्प बसलेलं आहे.

बोथट कात्री कापेना. कोबाल्ट आपला विणतच राहिला. न कापलेली साखळी म्हणजे मेण, आणि ते मेण गरम असतं तोवर वाहतं, थंड वळणावर गोठतं. त्या फोननंतर अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडणाऱ्या नळीत ते बुचासारखं बसलं. दाब चढायला लागला. अशा वेळी काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं होतं: वायू बंद करा, नायट्रोजन सोडून नळी रिकामी करा, मगच हात लावा. त्यात अर्धा दिवस जातो. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. धाकट्याला तोंडी सांगितलं गेलं, नळी शेकव आणि जोड थोडा सैल कर. त्याने सैल केला. बूच सुटलं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. शेडमधली धोक्याची घंटा आठवडाभर उगाच वाजते म्हणून कुणीतरी बंद केली होती. धाकटा नळीखाली बसलेला सापडला, पाना मांडीवर ठेवून, जरा टेकला असावा तसा. किती वेळ बसला होता ते कुणालाच सांगता आलं नाही.

तो मेला नाही. लोक हे धुणेबाईला येऊन सांगत, वाचला हो, नशीब. तो चालत होता, जेवत होता, बायकोला आणि ताईला ओळखत होता, लहानपणच्या मारामाऱ्या तपशीलवार सांगत होता. फक्त नवीन काही त्याच्यात राहत नव्हतं. सकाळी सांगितलेलं दुपारी गेलेलं असायचं. आणि प्लॅन्टवरचा तो दीड महिना तर पानं फाडून काढावीत तसा साफ. डॉक्टर म्हणाले, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. रोज व्यायाम, रोज उजळणी, वर्ष लागेल, दोन लागतील, काही थोडं परत येईल. हे सगळं प्लॅन्टच्या दवाखान्यात चालू होतं. तिथे जाण्यासाठी एक पिवळं कार्ड होतं, आणि ते कार्ड चौकशी पूर्ण होईपर्यंतचं होतं.

चौकशी समिती बसायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरबाईंनी धुणेबाईला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. अठरा वर्षांत त्यांनी हिच्यासाठी दार कधी लावलं नव्हतं.

"बस. उभी नको राहूस." त्या म्हणाल्या. "हे बघ, दोन प्रकारे अहवाल जाऊ शकतो. एक म्हणजे, कामगाराने लेखी परवानगीशिवाय जोड उघडला. चूक त्याची. मग त्याचं कार्ड बंद होतं."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे, धुलाईच्या सूचनेत शब्द संदिग्ध होता, म्हणून पावडर बिघडली, म्हणून मेण साचलं. मग तो कामावर झालेला अपघात. कार्ड चालू राहतं, लागेल तेवढे दिवस. सूचना तुझ्या वहीतली. तुझी सही लागेल."

"आणि मी?"

"तुला प्रयोगाच्या टेबलावर नाही ठेवता येणार. भांडारात जागा आहे. मी बोललेय."

"बाई, तिसरा कागद नाही का?"

"कुठला तिसरा?"

"साहेबांना माहीत होतं, तो."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुला कुणी सांगितलं?"

"धाकट्याने. फोनवर."

"त्याला आता आठवतंय?"

बाई वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वाईट माणसं शोधणं सोपं असतं आणि त्याने आपलं समाधान होतं. बाईंचं अर्धं आयुष्य त्या पावडरीत गेलं होतं. कचऱ्यातून इंधन निघावं, धूर न ओकणारं, हे त्यांना खरंच हवं होतं. त्यासाठी एक धुणेबाई भांडारात गेली तर त्यांना दोन रात्री झोप लागली नसती, तिसऱ्या रात्री लागली असती.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली तेव्हा भावजय भाजी निवडत होती. हिने सगळं सांगितलं. भावजयीने हात थांबवले नाहीत.

"मग सही करा ना, वन्सं."

"खोटी?"

"वही तुमची आहे की नाही? शब्द तुमचा आहे की नाही?"

"शब्द कुणालाही कळेल असा आहे. तुला नाही कळला?"

"मला कळून काय उपयोग? मी कुठे समितीत आहे?" तिने देठ मोडला. "ह्यांचा हात पोळला म्हणून गरम पाण्याचा नळ बंद कसा करायचा ते काल चार वेळा दाखवलं मी. चार वेळा. तुम्हाला तुमचं टेबल, मला हे. मी बोलतेय ते वाईट वाटेल, वाटू दे."

वाईट वाटलं. आणि त्यातूनच तिला ते सुचलं. चार वेळा. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्याच होत्या, रोज एकच गोष्ट घोकून घेतलीत तर बसेल ती. धाकट्याला आठवत नव्हतं, पण तो बोलला होता, हे तर खरं होतं. त्याचंच वाक्य त्याला परत द्यायचं होतं. त्यात आपला एक शब्द घालायचा नाही, एक काढायचा नाही, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी भावाकडे जाऊन, तिने त्याला टेबलाशी बसवलं.

"म्हण. मी साहेबांना सांगितलं होतं, पाच पाणी म्हणजे पाच वेळा. साहेब म्हणाले, कागदावर ‘वेळा’ लिहिलंय का."

"मी साहेबांना असं बोललो?" धाकट्याचे डोळे मोठे झाले. "माझी एवढी हिंमत?"

"बोललास."

"मग काढलं नाही मला?"

"नाही."

"साहेब चांगलेच म्हणायचे की."

भावजय आतून म्हणाली, "खरं आहे ना ते? मग पाठ कशाला करून घेताय?"

तिने त्याला पुन्हा म्हणायला लावलं. रोज सकाळी तोच पाठ. रोज त्याला पहिल्यापासून आश्चर्य वाटायचं, रोज तो साहेबांना चांगलं म्हणायचा. सहाव्या दिवशी वाक्याचा पहिला अर्धा भाग तो आपण होऊन बोलला. दहाव्या दिवशी पूर्ण. तेराव्या दिवशी दात घासताना आरशासमोर म्हणत होता, तोंडात फेस घेऊन. तिला तेव्हा फार बरं वाटलं. अपघातानंतर त्याच्या डोक्यात टिकलेली ती पहिली गोष्ट होती.

समिती वरच्या मजल्यावर बसली होती. लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मधोमध अध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला जाड चष्म्याचे एक सभासद, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. भिंतीकडेला प्लॅन्टसाहेब आणि डॉक्टरबाई. अध्यक्ष सभ्य होते. त्यांनी धुणेबाईला बसायला सांगितलं.

"तुमच्या नोंदीत ‘पाणी’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ काय?"

"एकदा धुणं म्हणजे एक पाणी."

"असं कुठे लिहिलेलं आहे?"

"लिहायला कशाला लागतं? तुमच्या अंगातला शर्ट किती पाण्यांतून निघतो, साहेब?"

कारकुनाची बोटं थांबली. चष्मेवाले हसले. अध्यक्षांनाही हसू आलं, ते त्यांनी बाटलीचं झाकण उघडून गिळलं.

"दोन," ते म्हणाले.

"म्हणजे शर्टाच्या दुप्पट पाणी एकदम ओततात का?"

"आपण घरगुती भाषेत बोलत नाही आहोत."

"मी तर तीच लिहिली होती. आणि तुम्हाला कळली."

अध्यक्षांनी कारकुनाकडे बघून बोट आडवं हलवलं, हे घेऊ नका. तो पानाचा कोपरा चाळवत बसला. त्या खोलीत तिच्याशिवाय पाच माणसं होती, पाचही जणांच्या आयांनी त्यांचे लंगोट दोन-तीन पाण्यांतून काढले होते, आणि पाचही जणांना हा शब्द अडला होता. आपल्याच भाषेत अडाणी व्हायला किती शिकावं लागतं, ते त्या दिवशी तिला कळलं.

तिने फोनचं सांगितलं. साहेबांना भावाने सांगितलं होतं, साहेब हसले होते, सगळं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"अपघाताच्या आधी. अकरा-बारा दिवस."

"मग तुम्ही काय केलंत?"

डॉक्टरबाई आपल्या हातांकडे बघत होत्या.

"मी त्याला गप्प बस म्हटलं."

"अच्छा," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी काही टिपून घेतलं नाही.

मग धाकट्याला आत आणलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, प्लॅन्टसाहेबांना जरा वाकून. अध्यक्षांनी आवाज मऊ केला आणि विचारलं, धुलाईबद्दल तुम्ही कुणाशी काही बोलला होता का?

"मी साहेबांना सांगितलं होतं, पाच पाणी म्हणजे पाच वेळा. साहेब म्हणाले, कागदावर ‘वेळा’ लिहिलंय का."

स्वच्छ, न अडखळता. कारकुनाने ते टाइप केलं. प्लॅन्टसाहेबांची मान पहिल्यांदा वर आली. धुणेबाईने खुर्चीची कड दाबून धरली होती. एवढंच पुरे, तिच्या मनात आलं, आता उठवा त्याला, बाहेर न्या.

"हे कधीचं?" चष्मेवाले म्हणाले. "सकाळी बोललात की दुपारी?"

"मी साहेबांना सांगितलं होतं, पाच पाणी म्हणजे पाच वेळा. साहेब म्हणाले..."

"हो, ते कळलं. तिथे आणखी कोण होतं?"

धाकट्याने ताईकडे बघितलं. शाळेत फळ्याजवळ उभा राहून मागच्या बाकाकडे बघायचा, अगदी तसा. मग त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा, तितक्याच स्वच्छ आवाजात.

"टाकी कुठल्या रंगाची होती?"

"पांढरी?" तो म्हणाला. टाकी स्टीलची होती.

"बरं. हे तुम्हाला आठवतंय, की तुम्हाला कुणी सांगितलं?"

प्रश्न समजल्यावर त्याचा चेहरा खुलला. शेवटी उत्तर येत असलेला प्रश्न आला होता.

"ताईने पाठ करून घेतलंय," तो म्हणाला. "रोज सकाळी. आधी चुकायचं, आता एक शब्द चुकत नाही. परत म्हणू?"

"नको," अध्यक्ष म्हणाले. "बसा तुम्ही."

प्लॅन्टसाहेबांच्या तोंडावर सुटकासुद्धा दिसली नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी बघितली, परत ठेवला. धुणेबाई उठून म्हणाली, साहेब, पाठ करून घेतलंय म्हणून खोटं होत नाही. अध्यक्ष म्हणाले, खोटं आहे असं आम्ही म्हणतच नाही, आम्ही फक्त ते धरत नाही. आणि एक सल्ला दिला, की आजारी माणसाला असं वापरू नये. तो त्यांनी मनापासून दिला होता. तिला तोच जास्त झोंबला.

त्यानंतर दोनच कागद उरले. कारकुनाने दुसरा तिच्यापुढे ठेवला. "‘पाणी’ हा संदिग्ध व अशास्त्रीय शब्द वापरल्याने धुलाई अपुरी झाली, यास माझी नोंद कारणीभूत आहे." तिने दोनदा वाचला.

"खाली एक ओळ लिहू का मी?"

"काय?"

"भावाने मला वेळेवर सांगितलं होतं. मी त्याला गप्प बसवलं आणि पुढे कुणाला बोलले नाही."

अध्यक्षांनी कागद बघितला, जणू त्यात जागा आहे का ते तपासत होते. "त्याचा इथे संबंध नाही," ते म्हणाले. "त्याने नोंदीचा अर्थ बदलत नाही."

जी चूक तिची होती तिला कागदावर जागा नव्हती. जी नव्हती तिच्यावर तिने सही केली. डॉक्टरबाईंनी पेन दिलं होतं, ते परत घ्यायला त्या विसरल्या.

अठरा वर्षांच्या टेबलावर तिने पाणी सोडलं आणि भांडारात गेली. तिथे काचेची भांडी मोजून द्यायची, मोजून घ्यायची. प्लॅन्टवर पावडर पुन्हा धुतली गेली. या वेळी तक्त्यात लिहिलं होतं, "धुलाई : प्रत्येक वेळी ताज्या द्रावणासह, पाच आवर्तने." पेट्रोल गळू लागलं. पाहुणे आले, बाटलीतला नितळ नमुना उजेडात धरून त्यांनी फोटो काढून घेतले. इंधन खरोखर चांगलं होतं.

पिवळं कार्ड चालू राहिलं. पण महिनाभराने भावजय भांडाराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. दवाखान्यात जायची वेळ होती, धाकटा बाहेर बाकावर बसला होता.

"वन्सं, एक भानगड झालीय. हे तिथे सगळ्यांना तेच सांगतात. व्यायाम घेणाऱ्या बाईला, औषधं देणाऱ्याला, लिफ्टमध्ये. काल साहेबांच्या ऑफिसातला माणूस आला होता रक्त द्यायला, त्यालाही सांगितलं. मी साहेबांना सांगितलं होतं, पाच पाणी म्हणजे पाच वेळा."

"मग?"

"मग तो म्हणाला, असं बोलत राहिले तर प्रकरण पुन्हा उघडेल, कार्डाचं पण बघावं लागेल. गोड बोलला. पण म्हणाला." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी गप्प बसवलं तर बसतात. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. तुम्ही बसवलंय ते, तुम्हीच काढा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणेबाई भावाच्या घरी गेली. त्याच टेबलाशी त्याला बसवलं. तो खुशीत होता. ताई आली की पाठ, एवढं आता त्याला ठाऊक झालं होतं. तिने काही बोलायच्या आत त्याने वाक्य म्हणून दाखवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ते नको आता," ती म्हणाली. "आता नवीन. म्हण, मला काही आठवत नाही."

"का?"

"म्हण तू."

"मला काही आठवत नाही," तो म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण ताई, हे एवढं एक तर मला आठवतं."

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.